माफीचं पान

कणकवलीच्या एका कॉलेजात माझ्या कादंबरीवर दिवसभराचं चर्चासत्र ठेवलं होतं. फलकावर विषय लिहिलेला: ‘किशोरवयीन टोळ्यांच्या कादंबरीतील आशयसूत्रे आणि व्यक्तिचित्रण’. मी पहिल्या रांगेत, हातात देठाला चंदेरी कागद गुंडाळलेला गुलाब घेऊन बसले होते. बोलणारे प्राध्यापक तरुण होते आणि अभ्यास करून आले होते, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी माझ्या पुस्तकातून भराभर आशयसूत्रं काढली. निष्ठा, मर्दानगीची खोटी कल्पना, गावाचं मौन, वयात येणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे क्षमा. पुस्तक लिहिताना यातलं एकही सूत्र माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्या डोक्यात माझ्या भावाचा डावा कान होता.

‘‘कादंबरीतल्या त्या मुलाचं बहिरेपण हे संपूर्ण समाजाच्या बहिरेपणाचं प्रतीक आहे,’’ प्राध्यापक म्हणाले, आणि मुलींनी माना खाली घालून ते वाक्य उतरवून घेतलं. प्रतीक कसलं डोंबलाचं! त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. मागून गाडीनं हॉर्न दिला तर गाडी कुठल्याही बाजूनं येत असो, तो उजवीकडेच बघतो. दोनदा गाडीखाली येता येता वाचला आहे. पण सभागृहात हे बोलायचं नसतं. मी गुलाब सांभाळत हसतमुख बसून राहिले.

मग त्यांनी ते पान वाचून दाखवलं. माझ्या पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं पान. देवळात गाऱ्हाणं चाललेलं आहे, सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, आणि कानाला पट्टी बांधलेला मुलगा लगेच म्हणत नाही. तो थांबतो. त्या थांबण्यावर मी अर्धं पान लिहिलं आहे. त्याच्या मनात काय काय येऊन गेलं, राग कसा उसळला आणि कसा निवला, आणि मग सगळ्यांच्या मागून त्यानं एकट्यानं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून कसं सगळं माफ करून टाकलं. प्राध्यापकांचा आवाज वाचताना जड झाला. एका क्षणात मुलाचा माणूस झाला, असं ते म्हणाले.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘‘मॅडम, त्यानं माफ का केलं? मी असते तर नसतं केलं.’’

मी तिला काहीतरी सुंदर उत्तर दिलं. टाळ्या पडल्या. आज ते उत्तर आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं, कारण मी जे बोलले ते मला खरंच वाटत होतं.

आता खरं काय घडलं ते सांगते.

आमचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं. वरची वाडी डोंगराला टेकलेली, काजू-आंब्याची आणि भाताची. खालची वाडी समुद्राला लागून. आम्ही वरचे. टोळी हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे, तो पुस्तकाच्या मागच्या पानावर प्रकाशकानं घातला. आमच्यात नुसतं ‘वरचे’ आणि ‘खालचे’ होतं, पण तेवढं पुरेसं होतं. शाळेच्या नळावर कोण आधी पाणी पिणार, क्रिकेटला वाळू कुणाची, गणपतीत कुणाचं भजन आधी, कशावरूनही जुंपायची. पोरांची भांडणं थोरांना ठाऊक असत आणि थोरांना त्यात मजाही वाटे.

वर्षातला मोठा सामना नारळी पुनमेचा. आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ अर्पण झाला की नारळ लढवतात. एकानं सोललेला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर आपटायचा. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटका नारळ जिंकणाऱ्याचा. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटतो. पण यात जिंकणं मनगटावर नसतं, नारळ निवडण्यावर असतं, आणि वरच्या वाडीचे नारळ माझा भाऊ निवडायचा.

तो दहावीत होता. मारामारीत फार पुढे नसायचा, बोलायचाही कमी. पण नारळ कानाशी धरून नखानं टिचकी मारायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा, ‘‘ह्यो ठेव. ह्यो नको, ह्येच्या एका अंगाक करवंटी पातळ आसा.’’ ढिगातले नारळ तो असे बाजूला काढत जाई, आणि मी शेजारी पिशवी धरून बसलेली असे. मुलींना लढवायला देत नसत, पिशवी धरायला देत. कधीही डावाच कान लावायचा. मी एकदा विचारलं, उजव्यानं का नाही? तर म्हणाला, ‘‘उजवो कान बावळट आसा गो.’’ त्या एका कानाच्या जिवावर वरची वाडी ओळीनं काही वर्षं जिंकत होती.

खालच्यांचा म्होरक्या माझ्या भावाच्याच वर्गातला. उंचापुरा, गोरा, घरची होडी, घरचं जाळं. त्या वर्षी तो कुठूनतरी दगडासारखे नारळ घेऊन आला होता. एकेक करत आमच्या पोरांनी सगळे फोडले. शेवटचा त्याच्या स्वतःच्या मुठीतला, आणि लढवायला माझा भाऊ. बहुतेक पहिल्यांदाच. एका ठोक्यात त्याचा नारळ फुटला, पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं, आणि आमच्या पोरांनी जो गिल्ला केला तो समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत ऐकू गेला असेल.

माझा भाऊ हसतही नव्हता. आपल्या नारळाला कुठे चीर गेली का, ते तपासायला त्यानं सवयीनं तो कानाशी नेला. म्होरक्यानं तो त्याच्या हातातून हिसकला आणि त्याच कानावर हाणला.

‘‘घे, आता आयक,’’ तो म्हणाला.

हे तीन शब्द मी चार पावलांवरून ऐकले आहेत. झटापटीत लागलं, चुकून बसला, पोरं एकमेकांवर पडली, हे सगळं गावानं नंतर रचलं. चुकून मारणारा असं बोलत नाही.

कानातून रक्त आलं. मालवणात पट्टी झाली, ताप चढला, मग बाबा त्याला फोंडाघाट चढून कोल्हापूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की पडदा फाटलाच आहे, पण आतली नसही गेली, या कानाचं आता काही होणार नाही. बाबा परत आले ते पोलिसांत जायचं ठरवूनच. पण त्याआधी गावातले चार मानकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. आयेनं चहा केला. कोणीही आवाज चढवला नाही. ‘‘गावचा हा, गावात मिटवया,’’ एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणाले. ‘‘पोरग्याच्या दहावीचा वर्स आसा. दोनय पोरगे आपलेच.’’ बाबा कधी गावाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. त्या दिवशी जायला हवं होतं. गेले नाहीत.

आमच्याकडे मिटवायचं म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालायचं. गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, देवासमोर उभा राहून गावाच्या वतीनं मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. एकदा सगळ्यांनी व्हय म्हटलं की विषय संपला. पुन्हा त्याबद्दल तोंड उघडणारा गावाशीच नव्हे तर देवाशी वाकडं घेतो, असं मानतात. त्या सकाळी दोन्ही वाड्या जमल्या. एका बाजूला म्होरक्या, नवा शर्ट घालून. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, डोक्याभोवती पट्टी, अंगात अजून कणकण.

‘‘बा देवा रवळनाथा,’’ गावकर म्हणाला, ‘‘आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली हत. पोरांच्या हातसून जा काय चुकला-माकला असात, ता तू पोटात घाल. आणि जेका लागला त्येना मनातसून माफ केल्यान, ह्येच्या फुडे कोणी ह्या बोलाचा नाय, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ गाव म्हणाला. बाबाही म्हणाले. म्होरक्या सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. माझा भाऊ गप्प होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग, सगळं शांत झाल्यावर, त्याचा एकट्याचा आवाज आला, ‘‘व्हय म्हाराजा.’’

बायकांनी डोळे पुसले. गावकरानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात या विषयावर कुणी हूं की चूं करायची सोय राहिली नाही. आयेनं कधी तक्रारीचा सूर काढलाच, तर कोणीतरी लगेच सुनावायचं, ‘‘त्येना सोता व्हय म्हटल्यान ना? मगे तुमका कित्याक?’’ ते थांबून म्हटलेलं ‘व्हय’ गावाला चांगलं उपयोगी पडलं. खालच्या वाडीच्या म्होरक्याच्या लग्नात माझा भाऊ पंगतीला जेवला. पोलीसभरतीला गेला तेव्हा कानावरूनच नापास होऊन परत आला, आणि मग होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. दिवसभर डिझेलच्या त्या धडधडीत उरलेला कानही हळूहळू मंदावला. हे सगळं गावाच्या डोळ्यांसमोर झालं, आणि गाव त्याला ‘शांत स्वभावाचो’ म्हणत राहिला.

कादंबरी मी यासाठी लिहिली. मला पुरस्कार नको होता, चर्चासत्रही नको होतं. मला एवढंच हवं होतं की एकदा, फक्त एकदा, गावातल्या एकानं तरी मोठ्यानं म्हणावं की मारलं, आणि मुद्दाम मारलं. नावं बदलली, वाड्यांची नावं बदलली, बाकी घडलं तसं लिहिलं. ‘घे, आता आयक’ हे वाक्यही जसंच्या तसं ठेवलं. भावाला पहिली प्रत दिली. त्यानं चष्मा लावून आठवडाभर वाचली. शेवटी ते देवळाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, ‘‘ह्या सगळा तुका कोणी सांगल्यान गो?’’

मला भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याचं मन ओळखलं, असं त्याला वाटलं असणार, अशी माझी समजूत झाली. मी म्हटलं, ‘‘कोणी सांगूक कित्याक होया? माका कळता.’’ तो ‘‘बरा लिवलंस,’’ म्हणाला आणि पुस्तक मिटून इंजिनाकडे गेला.

गावानं पुस्तक वाचलं, पण कसं? आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पानांचे फोटो फिरायला लागले. ‘‘हो गोरो उंच पोरगो म्हणजे मीच.’’ ‘‘नाय रे, तो मी, तू खंय गोरो?’’ वरच्या वाडीतल्या, खालच्या वाडीतल्या, मुंबईला गेलेल्या, सगळ्यांनी पुस्तकात स्वतःला शोधून काढलं. ज्यांनी त्या दिवशी नुसता गिल्ला केला होता ते सगळे शूर निघाले. ज्यानं मार खाल्ला तो आपण, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. ती जागा रिकामीच राहिली. व्यक्तिचित्रणाबद्दल मला प्राध्यापकांपेक्षा ग्रुपवरच जास्त शिकायला मिळालं.

आणि मग सत्कार ठरला. चर्चासत्रानंतरच्या, म्हणजे मागच्या नारळी पुनमेला, देवळाच्या सभामंडपात, दुपारी. सत्काराचा सगळा घाट त्याच म्होरक्यानं घातला होता. आता तो गावचा पुढारी आहे. पर्यटकांच्या होड्या, दोन लॉज, पांढरे कपडे. फ्लेक्सवर माझा फोटो पासपोर्टएवढा आणि त्याचा दाराएवढा होता. मी जाणार नव्हते. भाऊच म्हणाला, ‘‘जावया. गावान बोलावल्यान हा.’’ आणि माझ्या मनात एक वेडी आशा होती, ती लपवत नाही. वाटलं, म्होरक्या आता मोठा झाला आहे, माईक हातात आहे, सगळा गाव समोर आहे. आज तरी बोलेल.

तो बोलला. माईक घेतल्यावर त्याची मराठी शुद्ध झाली. ‘‘ताईंनी आपल्या गावाचं नाव महाराष्ट्रात नेलं. आणि मित्रहो, या कादंबरीचा खरा हिरो कोण, ते आज सांगून टाकतो. तो तुमच्यासमोर उभा आहे!’’ हशा, शिट्ट्या. मग त्यानं स्टेजवरचा सत्काराचा नारळ उचलला, कानाशी नेला, डोळे मिटून टिचकी मारली, माझ्या भावाची हुबेहूब नक्कल केली, आणि दुसऱ्या हातानं कानावर हाणल्याचा अभिनय करत मालवणीत ओरडला, ‘‘घे, आता आयक!’’

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पोरं मोबाइलवर ते काढत होती. ते तीन शब्द गावासमोर यावेत म्हणून मी चार वर्षं झिजले होते. आले ते असे. तोच नारळ त्यानं माझ्या हातात दिला आणि शाल पांघरली. मी ती घेतली. फेकून द्यायला हवी होती, पण समोर आये बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर किती वर्षांनी कौतुक दिसत होतं.

शेवटी गावकर उठला. त्या जुन्या गावकराचा मुलगा. त्यानं माईकवरून गाऱ्हाणं घातलं, आणि त्या माईकनं सगळा मंडप घुमत होता. ‘‘बा देवा म्हाराजा, आमच्या ह्या बायग्यान पुस्तक लिवल्यान, त्येना आमचा नाव मोठा झाला. पुस्तकात जा काय कमी-जास्ती लिवला असात, जुना-पुराना उकरला असात, ता सगळा आज हय मिटला. कोणाच्या मनात काय ठेव नको, म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ गाव म्हणाला. मी ओठ घट्ट मिटून घेतले. सगळं शांत झालं. आणि मागच्या खांबाजवळून, सगळ्यांच्या नंतर, एकट्याचा आवाज आला, ‘‘व्हय म्हाराजा.’’

लोक हसले. पुस्तकातल्यासारखंच झालं, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या सुरू झाल्या.

घरी जाताना पाणंदीतून आम्ही दोघंच चालत होतो. आये पुढे रिक्षानं गेली होती. मी त्याच्या उजव्या बाजूला होते, सवयीनं. राग आवरेना. त्याच्यावरच ओरडले, ‘‘आज कित्याक व्हय म्हटलंस? तेवा म्हटलंस ता एक ठीक. आज तेना तुझी नक्कल केल्यान सगळ्यांसमोर, आणि तू परत माफ करतस?’’

तो गोंधळला. ‘‘माफ? माका खंय आयकाक येता त्या माईकवरचा? सगळ्यांची तोंडा हलली, म्हणान मिया पण म्हटलंय.’’

मी जागच्या जागी उभी राहिले. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, ‘‘आणि तेवा?’’

‘‘तेवा पण तसाच. ताप होतो, पट्टी होती, कानात नुसती गाज. सगळी माझ्याकडे बघूक लागली, तेवा कळला की माका पण म्हणाचा आसा.’’ मग जरा संकोचून म्हणाला, ‘‘तू पुस्तकात बराच काय काय लिवलंस. मिया म्हटलंय, तुका कोणीतरी सांगला असात.’’

पाणंदीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सत्काराचा नारळ मी दोन्ही हातांनी धरून उभी होते.

‘‘काय होता गो त्या गाऱ्हाण्यात?’’ त्यानं विचारलं. ‘‘त्या पयल्या?’’

पुस्तकात मी ते छापलंच नव्हतं, नुसतं ‘गाऱ्हाणं झालं’ एवढंच लिहिलं होतं, कारण मला त्याच्या त्या थांबण्यापर्यंत पोचायची घाई होती. मी त्याच्या उजव्या कानाशी गेले आणि मला पाठ असलेला शब्द न् शब्द मोठ्यानं सांगितला. पोरांच्या हातून चुकलं-माकलं. ज्याला लागलं त्यानं मनापासून माफ केलं. यापुढे कोणी हे बोलायचं नाही.

त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं. पुन्हा एकदा सांग म्हणाला, मी पुन्हा सांगितलं. त्याचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदाच असा लाल झालेला पाहिला.

‘‘ह्येका मिया व्हय म्हटलंय?’’ तो म्हणाला.

मी होकाराची मान हलवली. पुस्तकात तसंच छापलेलं आहे, आणि दुसरी आवृत्तीही तशीच निघाली आहे.